फळाइतकंच आयुष्य

स्ट्रॉबेरी खुडली तरी तिचं जगणं थांबत नाही. ती श्वास घेत राहते, भोवतालचा ऑक्सिजन वापरते, कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ सोडते, आणि स्वतःजवळची साखर जाळत जाते. आंबा किंवा केळं अर्धवट तयार काढून घरी पिकवता येतं. स्ट्रॉबेरीला ती सोय नाही. खुडताना जेवढी गोडी असेल तेवढीच. तिच्या वजनात नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणी असतं आणि जाड सालीचं संरक्षण नसतं. शिवाय बोट्रायटिस नावाची करडी बुरशी बऱ्याचदा फुलावरच येऊन बसलेली असते. फळ पिकलं, ओल मिळाली, की ती डोकं वर काढते. महाबळेश्वर-पाचगणीच्या पठारावरून निघालेला माल पसरणी घाट उतरून, वाई आणि पुणं मागे टाकून मुंबईला पोचेपर्यंत हे सगळं एका पातळ प्लास्टिकच्या डबीत चालू असतं.

माझं काम त्या डबीचं आणि तिच्यावर ताणून बसवायच्या फिल्मचं आहे. स्टार्च, सेल्युलोज आणि माती यांपासून अशी फिल्म करायची, जी फळ गिऱ्हाइकाच्या हाती पडेपर्यंत शाबूत राहील आणि नंतर खताच्या खड्ड्यात विरून जाईल. दोन-चार दिवसांत खाऊन संपणाऱ्या फळाला आपण आज जे वेष्टन देतो, ते खाणाऱ्याच्या नातवंडांच्या काळातही कुठेतरी पडून असणार. हे मला मनापासून खुपतं. पण उपाय शोधायला लागलं की कळतं, एकाच वस्तूकडून आपण दोन उलट गोष्टी मागतो आहोत. आधी तिने जंतू, हवा आणि ओल यांना दाद द्यायची नाही, आणि मग त्यांच्याच हाती स्वतःला सोपवायचं. या विषयातलं जे काही मला उमगलं ते या ओढाताणीतून.

सुरुवात टॅपिओका स्टार्चपासून झाली. ज्या कंदापासून साबुदाणा होतो त्याचाच हा स्टार्च. तमिळनाडूत सेलमच्या बाजूला त्याचे भरपूर कारखाने आहेत. तो पाण्यात कालवायचा, लवचीकपणासाठी थोडं ग्लिसरॉल घालायचं आणि ढवळत ढवळत तापवायचं. साठ-सत्तर अंशांच्या पुढे स्टार्चचे कण पाणी पिऊन फुगतात, फुटतात, आणि दुधट द्राव बघता बघता नितळ आणि दाट होतो. प्रयोगशाळेत मदतीला असणाऱ्या मावशींनी ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा म्हणाल्या, "मॅडम, हा तर कुरडईचा चीक!" अगदी तसंच आहे ते. पांढरेपणा गेला म्हणजे चीक शिजला, ही त्यांची खूण आणि आमच्या पुस्तकातली खूण एकच. गुठळी होऊ न देता हाटायचं कसब त्यांच्या मनगटात होतं, आणि नव्या विद्यार्थ्यांना ते त्यांनीच शिकवलं. मी आजही प्रकल्पात आलेल्या मुलांना पहिल्या दिवशी मावशींच्या शेजारी उभं करते.

हा चीक टेफ्लॉनच्या ताटलीत पातळ ओतून मंद उष्णतेवर वाळवला की फिल्म सुटते. सुंदर दिसते, आरपार दिसतं. पण ती ऋतूप्रमाणे वागते. कोरड्या हिवाळ्यात वाकवली तर तडकते, जुलैत बोटाला चिकटते, कारण स्टार्चच्या साखळ्या हवेतली ओल ओढून घेतात. म्हणून ताण किंवा जाडी मोजण्याआधी प्रत्येक तुकडा मॅग्नेशियम नायट्रेटच्या संपृक्त द्रावणावर बंद भांड्यात ठेवावा लागतो. तिथे आर्द्रता ५३ टक्क्यांच्या आसपास स्थिर राहते. मुंबईच्या हवेत हे केलं नाही तर सोमवारच्या आणि गुरुवारच्या आकड्यांची तुलनाच करता येत नाही. आणखी एक अडचण म्हणजे, शिजताना सुट्या झालेल्या साखळ्या पुढच्या काही आठवड्यांत पुन्हा एकमेकींना बिलगतात आणि फिल्म कडक होत जाते.

इथे नॅनो पदार्थ कामाला आले. त्यातला पहिला म्हणजे साधी माती, हे सांगितलं की लोकांना नवल वाटतं. कच्छमध्ये बेंटोनाइट नावाची माती निघते, तिच्यातलं मुख्य खनिज माँटमोरिलोनाइट. त्याचे थर एकावर एक रचलेले असतात. एकेक थर साधारण एक नॅनोमीटर जाडीचा, म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. लांबी-रुंदी मात्र जाडीच्या शंभर पट किंवा त्याहूनही जास्त. हे थर फिल्ममध्ये सुटे होऊन आडवे पसरले, तर ऑक्सिजनच्या रेणूला सरळ आरपार जाता येत नाही. एकेका थराला वळसा घालावा लागतो. वाट लांबते, वेग मंदावतो. यासाठी वजनाच्या तीन-पाच टक्के माती पुरते आणि तेवढ्यानेच फिल्मची ताकदही वाढते. जपानमध्ये टोयोटाच्या संशोधन केंद्राने १९८०च्या दशकात नायलॉनमध्ये माती मिसळून हे दाखवून दिलं होतं. तो पदार्थ आधी मोटारीच्या भागांसाठी वापरला गेला. अन्नाच्या वेष्टनाकडे ही कल्पना मागाहून आली.

खरी मेख थर सुटे करण्यात आहे. कोरडी माती चिकात टाकली तर तिचे गोळे होतात, आणि गोळा असलेल्या जागी फिल्म आधी फाटते. माती आधी रात्रभर पाण्यात फुगू द्यायची, मग अतिध्वनी लहरींनी हलवायची, मग स्टार्च. पाच टक्क्यांच्या बरंच वर गेलं की पुन्हा गोळे होऊ लागतात. म्हणून जास्त नॅनो म्हणजे जास्त चांगलं, असं सांगणाऱ्या माहितीपत्रकावर माझा विश्वास बसत नाही. थर सुटे झाले का, हे क्ष-किरणांच्या आलेखावरून कळतं. थर एकावर एक असतील तर ठरावीक कोनाला टोकदार शिखर येतं. मध्ये स्टार्च शिरला की ते डावीकडे सरकतं, आणि थर पुरते विखुरले की शिखर नाहीसं होतं. एका विद्यार्थिनीने तो सपाट आलेख जिना चढून धावत आणून माझ्यासमोर ठेवला होता. तिच्या चेहऱ्यावरचा आनंद मला अजून आठवतो.

दुसरा पदार्थ नॅनोसेल्युलोज. उसाच्या चिपाडात चाळीस टक्क्यांच्या आसपास सेल्युलोज असतं, आणि महाराष्ट्रात चिपाडाला तोटा नाही. तीव्र सल्फ्युरिक आम्लाने त्याचा मऊ भाग विरघळवला की काही नॅनोमीटर रुंदीचे ताठ स्फटिक उरतात. स्टार्चशी त्यांचं लगेच जमतं, दोघांची रासायनिक जात एक. मुंबईत माटुंग्याच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेत नॅनोसेल्युलोज प्रायोगिक प्रकल्पाच्या पातळीवर बनवण्याचं काम झालेलं आहे. आमच्या हेतूसाठी मला आम्लाची पद्धत मात्र पटली नाही. ते आम्ल धुऊन काढायला लागणारं पाणी पाहिलं की पर्यावरणासाठी काम करतोय असं म्हणवत नाही. आम्ही तंतू यंत्राच्या दाबाखाली दळून बारीक करण्याकडे वळलो. तंतू थोडे जाड राहतात, चालतं.

मग चांदीचा प्रश्न आला. चांदीचे नॅनोकण जंतू मारतात, त्यावर भरपूर संशोधन झालेलं आहे, आणि निधी मागताना चांदी हा शब्द उपयोगी पडतो. गटातल्या काहींचा तसा आग्रह होता. मी नको म्हटलं, आणि तो निर्णय मला आजही बरोबर वाटतो. जो कण डबीत बुरशीला मारतो, तो खताच्या ढिगात गेल्यावर अचानक सौम्य होत नाही. फिल्म कुजवणारे जीवाणू आणि बुरश्या याच तर तिला मातीत परत नेणार आहेत. त्यांच्यासाठी विष बरोबर घेऊन जाणारी फिल्म कुजते असं कागदावर सिद्ध करता येईलही, पण ज्या मातीत ती जाते त्या मातीचं काय? झिंक ऑक्साइडबद्दलही मी अशीच हात राखून आहे. युरोपने २०१६ मध्ये प्लास्टिकमधून अन्नात उतरणाऱ्या जस्ताची मर्यादा किलोमागे २५ मिलिग्रॅमवरून ५ वर आणली, त्याला कारणं आहेत. माती मात्र मातीत जाऊन मातीच राहते, आणि सेल्युलोज मातीतले जीव खाऊन टाकतात.

चाचणीचं काम किचकट आहे, पण त्यात मला समाधान मिळतं. आपल्याकडे आयएस ९८४५ या मानकाप्रमाणे फिल्म अन्नासारख्या द्रवांत ठरावीक तापमानाला ठेवतात: शुद्ध पाणी, तीन टक्के ॲसेटिक आम्ल, अल्कोहोलचं पाणी, तेलकट पदार्थांसाठी हेप्टेन. द्रवात एकूण उतरलेलं वजन किलोमागे ६० मिलिग्रॅमच्या आत हवं. आम्ही त्यापुढे जाऊन ॲल्युमिनियम आणि सिलिकॉन वेगळे मोजतो, कारण मातीचा थर सुटून फळाला लागला तर त्याची खूण या दोन मूलद्रव्यांत सापडते. स्ट्रॉबेरी आंबट असते, म्हणून आम्लातला आकडा मी सगळ्यात आधी पाहते. नॅनो कृषी-निविष्ठा आणि अन्नपदार्थ यांच्या मूल्यमापनासाठी केंद्र सरकारची मार्गदर्शक तत्त्वं २०२० मध्ये आली. सामान्य माणसाने नॅनो शब्दाला बिचकावं हे मला रास्त वाटतं, आणि त्याच्या शंकेला उत्तर द्यायची जबाबदारी बनवणाऱ्याची आहे.

याच टप्प्यावर कायटोसानचा विषय निघाला. कोळंबीच्या कवचातून मिळणारा हा पदार्थ. किनाऱ्यावरच्या प्रक्रिया कारखान्यांतून कवचांचे ढीग निघतात. कायटोसानवर धन प्रभार असतो, बुरशीच्या पेशीच्या आवरणाला ते जाऊन चिकटतं. कॅनडात एल घाऊथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्येच कायटोसानचा लेप दिलेल्या स्ट्रॉबेऱ्या जास्त टिकतात हे प्रसिद्ध केलं होतं. शिवाय मातीतले जीव तो खातात, त्यामुळे चांदीवरचा माझा आक्षेप इथे लागू पडत नव्हता. आम्ही उत्साहाने नमुने घेऊन वाशीच्या बाजारात गेलो. एका फळव्यापाऱ्याने फिल्म हातात घेतली, ताणून पाहिली, खूश झाले, आणि विचारलं, "कशापासून?" मी सांगितलं. त्यांनी फिल्म हळूच टेबलावर ठेवली. "ताई, माझं निम्मं गिऱ्हाईक जैन आहे. उपासाला स्ट्रॉबेरी खाणारे आहेत. त्यांना मी काय सांगू?"

हा अडाणीपणा आहे असं परतताना गाडीत कुणीतरी म्हणालं. मला तसं वाटलं नाही. अन्नाला जे लागून असतं ते कुठून आलं, हे विचारायचा खाणाऱ्याला हक्क आहे. ज्यांना कवचधारी माशांची ॲलर्जी आहे त्यांच्यासाठी तर हा प्रश्न प्रकृतीचा आहे. बुरशीपासूनही कायटोसान काढता येतं, पण ते महाग पडतं. आम्ही स्ट्रॉबेरीच्या फिल्ममधून कायटोसान काढून टाकलं आणि बुरशी रोखायचं काम हवेवर सोपवलं. डबीत कार्बन डायऑक्साइड पंधरा-वीस टक्क्यांपर्यंत चढला तर करडी बुरशी मंदावते, हे जुनं ज्ञान आहे. तो वायू फळ स्वतःच तयार करतं. फिल्मने तो हव्या त्या वेगाने बाहेर जाऊ दिला की झालं. फार कोंडला तर मात्र फळाला आंबूस, दारूसारखा वास येतो. म्हणून मातीचं प्रमाण, फिल्मची जाडी आणि सुईने पाडलेली छिद्रं यांचा मेळ फळाच्या श्वासाशी घालावा लागतो.

आणि इथेच स्टार्चचा जो दोष आम्हाला इतका छळत होता, तो उपयोगी पडला. नेहमीच्या प्लास्टिकच्या बंद डबीत फळाची वाफ बाहेर जात नाही, झाकणाखाली थेंब जमतात, थेंब फळावर पडतात आणि तिथूनच बुरशी सुरू होते. स्टार्चची फिल्म वाफ जाऊ देते. भिलारजवळच्या एका शेतकऱ्याच्या पॅकिंग शेडमध्ये आम्ही आमच्या आणि त्यांच्या नेहमीच्या डब्या शेजारी शेजारी भरल्या. त्यांना नॅनोशी देणंघेणं नव्हतं. ते एवढंच म्हणाले, "डबी कशाचीबी करा ताई, पण माल मुंबईला पाणी सोडता कामा नये." दुसऱ्या दिवशी मुंबईत डब्या उघडल्या तेव्हा आमच्या झाकणांखाली थेंब नव्हते. फळ मात्र किंचित सुकलेलं होतं, वजन थोडं उतरलं होतं, आणि वजनावर भाव ठरतो. फोनवर त्यांनी सगळ्यात आधी वजनच विचारलं. तेव्हापासून आम्ही वाफ अडवायची किती आणि सोडायची किती, यावर काम करतो आहोत, आणि मला वाटतं की या सगळ्या विषयातला सर्वांत कस लागणारा भाग हाच आहे.

एका फरसाणवाल्यांना मी याच कारणाने परत पाठवलं. त्यांना चिवड्यासाठी कुजणारी पिशवी हवी होती, पैसे द्यायची तयारी होती, तळमळही खरी होती. पण चिवड्याला महिनोन्‌महिने कुरकुरीत राहायचं असतं. त्याच्या पाकिटात धातूचा जो चकचकीत थर असतो, तो काही दशक नॅनोमीटरच जाड असतो, आणि ओल अडवण्यात आमची स्टार्चची फिल्म त्याच्या आसपासही नाही. आमच्या पिशवीत त्यांचा चिवडा पावसाळ्यात चार दिवसांत मऊ पडला असता, तेल खवट झालं असतं, आणि फेकलेल्या अन्नामागे गेलेलं पाणी, खत, इंधन हे सगळं वाया गेलं असतं. मी त्यांना आजूबाजूच्या घरांत रोज ताजा, सुटा, डब्यात विकता येईल का ते पाहायला सांगितलं. ते नाराज झाले. तरी माझं मत कायम आहे: कुजणारं वेष्टन आधी त्या अन्नासाठी करावं, ज्याचं स्वतःचं आयुष्य थोडं आहे. भाजी, फळं, पनीर, फुलं. महिने टिकणाऱ्या मालाचा प्रश्न वेगळा आहे आणि त्याला वेगळं उत्तर शोधावं लागेल.

ताटलीतली फिल्म आणि कारखान्यातला रोल यांच्यात मोठं अंतर आहे. कारखान्यात फिल्म फुगवून काढतात. वितळलेला पदार्थ गोल तोंडातून वर येतो आणि हवेने त्याचा उंच फुगा होतो. नुसत्या स्टार्चचा फुगा धरत नाही, फुटतो. तापमान वाढवलं तर स्टार्च करपतो, शेडभर भाजल्याचा वास. म्हणून त्यात पीबॅट नावाचं पॉलिमर मिसळतात. बाजारात मक्याची पिशवी म्हणून जे विकलं जातं त्यात बऱ्याचदा मोठा वाटा पीबॅटचाच असतो, आणि तो खनिज तेलापासून येतो. तो योग्य परिस्थितीत कुजतो, त्यामुळे फसवणूक आहे असं मी म्हणणार नाही. पण वस्तू कशापासून झाली आणि शेवटी तिचं काय होतं, हे दोन स्वतंत्र प्रश्न आहेत, आणि पिशवीवर दोन्हींची उत्तरं छापली पाहिजेत. पॉलिलॅक्टिक आम्ल या दुसऱ्या पॉलिमरचं उलटं आहे: ते येतं मक्या-उसातून, पण कुजायला साठ अंशांच्या जवळची उष्णता मागतं. खतयोग्य प्लास्टिकचं मानकसुद्धा ५८ अंशांच्या खतढिगातल्या १८० दिवसांवर आधारलेलं आहे. घरामागच्या उकिरड्यात ती उष्णता टिकून राहत नाही. आम्ही आमची फिल्म आणि विकत आणलेले पॉलिलॅक्टिकचे चमचे एकाच शेतकऱ्याच्या गांडूळखताच्या बेडमध्ये पुरले. पावसाळा संपताना उकरलं तर फिल्मचा मागमूस नव्हता, चमचे धुऊन वापरता आले असते.

ते चमचे घेऊन मी पुण्यात कचरा वर्गीकरणाच्या शेडवर गेले. तिथल्या एका ताईंना पॉलिलॅक्टिकची पारदर्शक डबी आणि नेहमीच्या पेट प्लास्टिकची डबी शेजारी शेजारी दाखवली. त्यांनी दोन्ही चुरगाळून आवाज ऐकला, वास घेतला आणि म्हणाल्या, "दोन्ही एकच." पाण्यातही दोन्ही बुडतात, त्यामुळे तरंगवून वेगळ्या करता येत नाहीत. पण पेटच्या गाठोड्यात पॉलिलॅक्टिक मिसळलं तर पुढे माल बिघडतो आणि भाव पडतो. मग नुकसान कुणाचं? ज्या बाईने तो उन्हात वेचला तिचं. आमच्या संशोधनाच्या चर्चांत हा हिशेब मांडलेला मी फारसा पाहिलेला नाही, आणि तो मांडला गेलाच पाहिजे असं मला वाटतं. मी त्यांना विचारलं, काय केलं तर तुम्हाला ओळखता येईल? त्या लगेच म्हणाल्या, "रंग द्या ना. लांबून दिसेल असा."

आता डबीचा तळ आम्ही न विरंजलेल्या चिपाडाच्या लगद्याचा केला आहे, खाकी रंगाचा. तो कुणालाही ओळखता येतो. झाकणाच्या फिल्मवर मात्र व्यापारी अडून आहेत. फळाचा लाल रंग दिसला नाही तर गिऱ्हाईक डबी उचलत नाही, आणि त्यांचंही खरं आहे. म्हणून फिल्मचा मधला भाग नितळ ठेवून कडेला दोन बोटांची रंगीत पट्टी घ्यायचं ठरलं आहे. पट्टीची शाईसुद्धा कुजणारी हवी, तिच्यातून आम्लात काय उतरतं ते मोजायला हवं. ते काम सध्या टेबलावर आहे. नोव्हेंबरात पहिला तोडा सुरू झाला की नव्या झाकणांच्या डब्या भिलारच्या त्याच शेडमध्ये भरू, आणि त्यातल्या रिकाम्या झालेल्या डब्या पुण्याच्या शेडवरच्या ताईंकडे पाठवू. वजनाचा आकडा शेतकरीदादा सांगतील, पट्टी लांबून दिसते का ते ताई सांगतील.